इंजिनाला ताप का येतो?

१९९१ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा आठवीत होतो. चिपळूणहून कराडला परत जाताना कुंभार्ली घाटात मामांची जुनी मोटार तापली. बॉनेटच्या फटींतून वाफ येऊ लागली, तेव्हा मामांनी गाडी कडेला घेतली. बरोबर मामांचे एक शेजारी होते. “पाणी कमी झाले असेल, ओतले की झाले,” असे म्हणत ते खाली उतरले आणि फडक्याने धरून त्यांनी रेडिएटरचे झाकण फिरवले. पुढच्याच क्षणी उकळत्या पाण्याचा फवारा डोक्याच्याही वर उडाला. तोंड थोडक्यात वाचले, पण उजवा हात कोपरापर्यंत भाजला. डॉक्टर मिळेपर्यंत तासभर गेला. त्यांच्या हातावरचे डाग पुढे कायमचे राहिले.

त्या दिवशी दोन चुका झाल्या. इंजिन का तापले याचा विचार न करता पाणी ओतण्याची घाई केली, ही पहिली. झाकणाखालचे पाणी आपल्या घरच्या उकळत्या पाण्यासारखेच असणार असे धरून चालले, ही दुसरी. या दोन्ही चुका टाळायला तुम्ही शाळेत शिकता तेवढे भौतिकशास्त्र पुरेसे आहे. कसे, ते पाहू.

पेट्रोलची उष्णता जाते कोठे?

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे ३ कोटी ३० लाख जूल ऊर्जा मिळते. समजा, एक मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि लिटरमागे १५ किलोमीटर जाते. म्हणजे ती तासाला ४ लिटर पेट्रोल जाळते. गणित करून पाहा: सेकंदाला सुमारे ३७,००० जूल, म्हणजेच ३७ किलोवॉट!

यातली सगळी ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचत नाही. ढोबळमानाने एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी ऊर्जा गाडी ओढण्याच्या कामी येते. जवळजवळ तेवढीच धुरांड्यातून गरम वायूंबरोबर निघून जाते. उरलेली, म्हणजे सुमारे १२ किलोवॉट, इंजिनाच्या धातूत शिरते. घरातला पाणी तापवण्याचा गीझर साधारण २ किलोवॉटचा असतो. तेव्हा सपाट रस्त्यावर आरामात चाललेल्या लहानशा मोटारीत सहा गीझर एकाच वेळी सुरू आहेत असे समजा. घाट चढताना हा आकडा आणखी वाढतो.

ही उष्णता बाहेर काढलीच पाहिजे. सिलिंडरमधल्या ज्वाळेचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते आणि अॅल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळते. इंजिन टिकते ते केवळ त्याच्या भिंतींतून उष्णता सतत वाहून नेली जाते म्हणून.

बंब आणि इंजिन

तुमच्या आजोळी तांब्याचा बंब पाहिला आहे का? मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी. इंजिनाची रचनाही अशीच असते. सिलिंडरच्या भोवती पोकळी असते आणि तिच्यात पाणी खेळते. फरक एवढाच, की बंबात आपल्याला गरम पाणी हवे असते आणि इंजिनात गार धातू हवा असतो. म्हणून तापलेले पाणी पुन्हा गार करून परत आणावे लागते.

हे काम रेडिएटर करतो. बारीक नळ्यांमधून पाणी जाते आणि नळ्यांना जोडलेल्या पातळ पत्र्यांमधून हवा जाते. पत्र्यांमुळे हवेला भिडणारे क्षेत्रफळ कितीतरी वाढते. रेडिएटर या नावाचा अर्थ प्रारण करणारा असा आहे. पण नावावर जाऊ नका! प्रारणाने येथे फार थोडी उष्णता जाते. बहुतेक सर्व उष्णता वाहती हवा घेऊन जाते.

पाणी फिरवायला पंप असतो. १९०८ साली बाजारात आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ या प्रसिद्ध मोटारीच्या बहुतेक गाड्यांत पंपच नव्हता. गरम पाणी हलके होऊन वर चढते आणि गार पाणी खाली उतरते, या नैसर्गिक अभिसरणावरच तिचे काम भागत असे. आजच्या जास्त शक्तीच्या इंजिनांना तेवढे पुरत नाही.

या मार्गावर एक पहारेकरीही असतो, तो म्हणजे थर्मोस्टॅट. त्याच्या पोटात मेण भरलेले असते. इंजिन थंड असताना तो रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवतो, म्हणजे इंजिन लवकर गरम होते. पाणी ८० ते ९० अंशांच्या आसपास तापले की मेण वितळून प्रसरण पावते आणि झडप उघडते.

आता ही साखळी मनात नीट धरा: ज्वाळेकडून धातूकडे, धातूकडून पाण्याकडे, पाणी पंपाने रेडिएटरकडे आणि रेडिएटरमधून हवेकडे. इंजिन तापते तेव्हा बहुधा उष्णता जास्त निर्माण झालेली नसते. या साखळीतली एखादी कडी तुटलेली असते.

आणि कडी तुटली की वेळ फार थोडा असतो. रेडिएटरकडे जाणारे पाणी एकदम थांबले असे समजा. इंजिनात ५ लिटर पाणी आहे. ते १ अंशाने तापायला २१,००० जूल लागतात आणि आपले सहा गीझर सेकंदाला १२,००० जूल देत आहेत. म्हणजे सेकंदाला अर्ध्या अंशाहून जास्त! ९० अंशांवरून १२० अंशांवर जायला मिनिटसुद्धा लागत नाही. धातूही काही उष्णता घेतो, म्हणून एका मिनिटाची तीन-चार मिनिटे होतील, इतकेच. तेव्हा ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ हा विचार किती महाग पडेल ते ध्यानात घ्या.

कोणती कडी तुटली?

ताप हा रोग नव्हे, रोगाचे लक्षण आहे, असे डॉक्टर म्हणतात. ताप केव्हा चढतो आणि केव्हा उतरतो, हे ते आधी विचारतात. आपणही इंजिनाबद्दल तेच विचारू.

गाडी सिग्नलपाशी किंवा गर्दीत उभी असताना तापते, पण मोकळ्या रस्त्यावर निवते, असे असेल तर दोष बहुधा पंख्यात आहे. गाडी पळत असताना वारा आपोआप रेडिएटरमधून जातो. ती थांबली की हवा ओढण्याचे काम पंख्यालाच करावे लागते. आजच्या मोटारींत हा पंखा विजेवर चालतो. त्याचा फ्यूज उडाला असेल, त्याची मोटर जळली असेल किंवा त्याला सुरू करणारा संवेदक बिघडला असेल.

याच्या उलट, गर्दीत ठीक चालते पण घाटात किंवा भरधाव जाताना तापते, असे असेल तर हवा मिळत आहे, पण मार्गाची क्षमता कमी पडत आहे. रेडिएटरच्या पत्र्यांत चिखल आणि किडे अडकले असतील, पंपाची पाती झिजली असतील किंवा नळ्यांच्या आत क्षार साचले असतील. मामांच्या गाडीचे दुखणे हेच निघाले. ते वर्षानुवर्षे घरच्या विहिरीचे पाणी रेडिएटरमध्ये ओतत होते. अशा कठीण पाण्यातले कॅल्शियमचे क्षार तापल्यावर खाली बसतात. बंबाच्या आत धरलेला पांढरा थर तुम्ही पाहिला असेल, तोच हा. या थरातून उष्णतेचे वहन अॅल्युमिनियमच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी होते. सपाटीवर तेवढ्यावर भागत होते, घाटात भागले नाही. म्हणजे त्या दिवशी पाणी ओतूनही दोष गेला नसता. शिवाय ओतायचे ते पाणीच दोषाचे मूळ होते!

सुरू केल्यावर थोड्याच वेळात इंजिन खूप तापते, पण रेडिएटर मात्र जवळजवळ गारच राहतो, असे दिसले तर गरम पाणी तिथवर पोहोचलेलेच नाही. थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला असावा किंवा पंप फिरत नसावा.

पाण्याची पातळी वारंवार कमी होत असेल तर गळती शोधावी. गाडीखाली ओल किंवा रंगीत डाग दिसतो का? रबरी नळीला भेग पडली आहे का? बाहेर काहीच दिसत नाही, पण धुरांड्यातून पांढरी वाफ सारखी येते, किंवा इंजिनाचे तेल दुधाळ झाले आहे, तर पाणी आतल्या आत गळत आहे. सिलिंडर आणि त्यावरचे झाकण यांच्यामधले गॅस्केट फाटले असण्याचा संभव असतो. हे काम गॅरेजमध्येच व्हायचे.

एक सावधगिरी मात्र हवी. काट्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. पाणी फारच कमी झाले की तापमान मोजणारा संवेदक पाण्याबाहेर उघडा पडतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो. ताप उतरला म्हणून आनंद मानावा, तर रोगी अत्यवस्थ!

झाकणाखालचे संकट

आता दुसऱ्या चुकीकडे वळू. कुकरमध्ये पाणी १०० अंशांना उकळत नाही, कारण आतला दाब जास्त असतो. रेडिएटरचे झाकणही असेच दाब धरून ठेवते. आतला दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे दुप्पट झाला की पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांपर्यंत चढतो. पाण्यात ग्लायकॉल मिसळलेले असेल तर आणखी थोडा वर. यामुळे पाणी न उकळता जास्त उष्णता वाहून नेते.

पण कोणी झाकण उघडले तर? दाब एकदम उतरतो आणि १२० अंशांचे पाणी १०० अंशांवर यायला धडपडते. पाण्याच्या प्रत्येक किलोग्रॅममधून २० अंशांची, म्हणजे ८४,००० जूल उष्णता मोकळी होते. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २२ लाख ६० हजार जूल लागतात. म्हणजे शेकडा चारहून थोडे कमी पाणी क्षणात वाफ होईल. हे फारच थोडे वाटते ना? पण ५ लिटरांतून निघणारी ही वाफ ३०० लिटरांहून अधिक जागा मागते! एवढ्या वाफेला बाहेर पडायला वाट एकच, झाकणाचे तोंड. ती उरलेल्या उकळत्या पाण्यालाही बरोबर घेऊन बाहेर पडते. फडक्याने ती थोपत नाही.

वाटेत काय करावे?

काटा वर चढताना दिसला की प्रथम वातानुकूलन बंद करावे. गाडीत हीटर असेल तर तो पूर्ण सुरू करावा. उन्हाळ्यात हे विचित्र वाटेल, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे. तो इंजिनाची काही उष्णता काढून घेतो. काटा लाल खुणेपर्यंत गेला किंवा वाफ दिसली तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे आणि निदान अर्धा-पाऊण तास वाट पाहावी. इंजिन पूर्ण निवेपर्यंत झाकणाला हात लावू नये. आजच्या अनेक मोटारींत पाण्याची प्लॅस्टिकची टाकीही दाबाखाली असते, तिलाही हाच नियम. तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात गार पाणी ओतू नये. धातू एकदम आकसून तडकू शकतो.

ही वाट पाहण्याची वेळ वाया जात नाही. ताप केव्हा चढला, गर्दीत की चढावर, गाडीखाली ओल आहे का, पंखा फिरत होता का, हे आठवून कागदावर लिहून ठेवा. गॅरेजमधल्या कारागिराला ‘गाडी तापते’ एवढेच सांगण्यापेक्षा ही चार वाक्ये सांगा. त्याचे अर्धे काम झालेले असेल.

विचार करा

१. समुद्रसपाटीपासून वर गेले की दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. रेडिएटरचे झाकण सैल झालेली गाडी तेथे किती अंशांना उकळू लागेल?

२. थर्मोस्टॅट बिघडला म्हणून एकाने तो काढूनच टाकला. थंडीच्या दिवसांत इंजिनावर याचा काय परिणाम होईल?

३. घरात कोणाची मोटार असेल तर त्यांना विचारा: “रेडिएटरमध्ये कोणते पाणी घालता?” उत्तर ‘विहिरीचे’ किंवा ‘बोअरचे’ असे आले, तर पुढे काय सांगायचे ते आता तुम्हाला ठाऊक आहे.