पिशवी काढण्याआधी

अंगावरून अवेळी किंवा जास्त जाऊ लागले की बाईला दोनच सल्ले मिळताना मी पाहते : ‘या वयात असं होतंच’ किंवा ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल.’ २०१९ मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती.

रक्तस्राव ही खूण आहे. तिचे कारण शोधावे लागते. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘फिगो’ या जागतिक संघटनेने २०११ मध्ये या कारणांचे नऊ गट मांडले. त्यांत गर्भाशयातल्या गाठी, बीज वेळेवर न सुटणे, रक्त न गोठण्याचा दोष, काही औषधे आणि कर्करोगही येतो. अनेक कारणांवर गोळ्या किंवा हार्मोनची तांबी पुरते.

पाळी २४ ते ३८ दिवसांनी येऊन आठ दिवसांत थांबत असेल, तर काळजी नसावी. पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसले, तर तपासून घ्यावे. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक डाग दिसला, तरीही डॉक्टर गाठावा. तासातासाला पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल किंवा दिवस गेल्याची शक्यता असेल, तर त्याच दिवशी.

आणि शस्त्रक्रिया सुचवली, तर आधी विचारावे : कारण काय सापडले? औषधाने भागणार नाही का?