शेवटच्या घरापर्यंतची वाट

शाळेची घंटा सर्वांसाठीं एकाच क्षणीं होते. परंतु त्या घंटेपर्यंत पोहोंचण्याची वाट सर्वांस सारखी नसते. उशिरां आलेल्या मुलास आम्ही शिक्षक आळशी म्हणून मोकळे होतों. तो किती दुरून चालत आला, हें क्वचितच विचारतों. नगरांतील वाहतुकीची योजना आंखणाऱ्यांच्या हातूनहि हीच चूक घडते.

दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशांत मेडेयीन नांवाचें शहर अरुंद खोऱ्यांत वसलेलें आहे. गोरगरिबांच्या वस्त्या मात्र उभ्या डोंगरउतारांवर चढत गेल्या आहेत. सन १९९५ मध्यें तेथें विजेची आगगाडी सुरू झाली. पण ती धांवे खोऱ्याच्या तळांतून. वरच्या मजुरास तिचा लाभ घेण्यासाठीं आधीं डोंगर उतरावा लागे. ही उणीव ओळखून सन २००४ मध्यें आगगाडीच्या एका स्थानकापासून सांतो दोमिंगो या उंचावरील वस्तीपर्यंत तारेवरून चालणारे पाळणे सुरू करण्यांत आले. तेहि मौजेसाठीं नव्हे, तर कष्टकऱ्यांच्या रोजच्या येण्याजाण्यासाठीं.

या कामांत तीन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. पहिली, क्रमाची: पाळण्यांचा पहिला मार्ग गरीब वस्तीस मिळाला. दुसरी, दराची: पाळण्यांतून उतरून आगगाडींत बसणाऱ्यास दुसरें भाडें पडूं नये, अशी व्यवस्था झाली. तिसरी, पायवाटेची: पुढील वर्षांत रहिवाशांशीं विचारविनिमय करून पायरस्ते सुधारले व ओढ्यांवर पादचाऱ्यांसाठीं पूल बांधले. घरापासून स्थानकापर्यंत जातां येत नसेल, तर स्थानक असून नसल्यासारखेंच!

अर्थात् एवढ्यानें सारें साधलें असें नाहीं. हे पाळणे एका दिशेस तासाला सुमारें ३,००० उतारूच नेऊं शकतात. म्हणून गर्दीच्या वेळीं रांगा लागतात. शिवाय वाट सुधारली म्हणजे दारिद्र्य आपोआप सरतें, असेंहि नव्हे. तथापि वाटेवांचून शाळा, दवाखाना व रोजगार हीं दूरच राहतात.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांपैकीं कोणी उद्यां इंजिनियर होतील, कोणी नगरसेवक. योजनेचा नकाशा पुढें पसराल तेव्हां प्रथम सर्वांत दूरच्या घरावर बोट ठेवा, आणि तेथील ओझें वाहणाऱ्या म्हातारीस ही वाट चालवेल काय, असें स्वतःस विचारा. आम्ही शिक्षकहि उशिराची खूण करण्यापूर्वीं मुलाची वाट विचारीत जाऊं.