मायक्रोसायटिक : लहान पेशींचा मोठा शब्द

वॉटफर्डला रक्ततपासणी केली की काही दिवसांत अहवाल एनएचएसच्या ॲपवर येऊन पडतो. बहुतेक आकडे आपण नजरेखालून घालतो, पण मध्येच एखादा शब्द अडवतो. मंडळातल्या गप्पांत असाच एक शब्द हल्ली बऱ्याचदा कानावर येतो, ‘मायक्रोसायटिक’. कुणी त्याचा अर्थ ‘रक्त कमी’ असा लावते, कुणी ‘पेशी कमी झाल्या’ असा. एखादी तर नेटवर शोधत शोधत ‘स्मॉल सेल’ नावाच्या फुप्फुसाच्या कॅन्सरपर्यंत पोचते आणि रात्रभर जागते. प्रत्यक्षात हा शब्द यातले काहीच सांगत नाही.

मी डॉक्टर नाही. पण शाळेत शिकवताना अवघड शब्द दिसला की आधी तो फोडायचा, ही सवय मुलांना लावली आणि स्वतःलाही लागली. ‘मायक्रो’ म्हणजे लहान. ‘साइट’ हा ग्रीक शब्दावरून आला असून त्याचा मूळ अर्थ पोकळ भांडे असा आहे. जीवशास्त्राने तो पेशीसाठी घेतला. शेवटचा ‘इक’ विशेषण करणारा प्रत्यय. मराठीत ‘लघुपेशीय’ म्हणता येईल. रक्ताच्या अहवालात तो तांबड्या पेशींसाठी येतो. पेशी आकाराने लहान आहेत, एवढेच हे विशेषण सांगते. त्या किती आहेत किंवा कशामुळे लहान आहेत, ते त्यात नाही.

आपला गोंधळ थोडा ‘पेशी’ या शब्दामुळेही होतो. हिंदीत पेशी म्हणजे कोर्टातली तारीख, आणि आपल्या पेशीला ते म्हणतात कोशिका. महाराष्ट्रात डेंग्यूच्या दिवसांत ‘पेशी कमी झाल्या’ म्हटले की त्या प्लेटलेट असतात. त्यांचा या शब्दाशी संबंध नाही.

मग लहान हे ठरवायचे कसे? अहवालात ‘एमसीव्ही’ नावाची ओळ असते. तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान तिथे फेम्टोलिटरमध्ये दिलेले असते. एका लिटरचे, एकावर पंधरा शून्ये इतके भाग केले, की त्यातला एक भाग म्हणजे फेम्टोलिटर. मोठ्या माणसांत साधारण ८० ते १०० हा आकडा ठीक मानतात. ८०च्या खाली गेला की पेशी मायक्रोसायटिक. लहान मुलांच्या मर्यादा वेगळ्या असतात, म्हणून मुलाचा अहवाल आपल्या आकड्यांशी ताडून घाबरू नये.

पेशी लहान राहण्याची आपल्या लोकांत नेहमी आढळणारी कारणे दोन. पहिले, लोहाची कमतरता. तांबडी पेशी हिमोग्लोबिनने भरलेली असते आणि हिमोग्लोबिनला लोह लागते. माल अपुरा, म्हणून पेशी लहान आणि फिकी. दुसरे कारण थॅलेसेमिया मायनर, म्हणजे थॅलेसेमियाचे वाहक असणे. इथे लोह पुरेसे असू शकते, पण हिमोग्लोबिनमधल्या प्रथिनाची एक साखळी जन्मतःच कमी बनते. वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो. अहवालात मात्र शब्द तोच, मायक्रोसायटिक!

म्हणूनच ‘मायक्रोसायटिक’ दिसले की लगेच लोहाच्या गोळ्या सुरू करणे बरोबर नाही. आधी ‘फेरिटिन’ पाहतात. त्यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो. तो कमी असेल तर गोळ्या, आणि साठा का घटला याचा शोध. पाळीतला जास्त रक्तस्राव, पोटातला रक्तस्राव किंवा अपुरा आहार, काहीही असू शकते. जेवणाबरोबरचा चहा लोह शोषू देत नाही, लिंबू मात्र मदत करते. अळिवाचे लाडू जरूर खावेत, पण कमतरता मोठी असेल तर लाडवांनी भागत नाही. साठा पुरेसा असूनही पेशी लहान असतील, तर हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी वेगळी तपासणी करतात. भारतात ती ‘एचपीएलसी’ या नावाने होते. दोन्ही कारणे एकाच माणसात असू शकतात, त्यामुळे निर्णय जीपीशी बोलूनच घ्यावा.

याचा उलटा शब्द ‘मॅक्रोसायटिक’, म्हणजे मोठ्या पेशींचा. त्याची एक गोष्ट मुंबई आणि इंग्लंड जोडणारी आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईला गेली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या रक्तक्षयाचा तिने अभ्यास केला. त्यांच्या पेशी लहान नव्हत्या, मोठ्या होत्या, म्हणजे कारणही वेगळे असणार. आपली मुले इथे टोस्टला लावतात किंवा नाक मुरडून दूर सारतात, त्या मार्माइटने त्या बायका बऱ्या झाल्या. हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट. आज गरोदरपणात मिळणाऱ्या फॉलिक ॲसिडच्या गोळीमागे परळ-लालबागसारख्या गिरणगावातल्या बायकांचे रक्त आहे, हे आठवावे.

या शब्दाचे खरे मोल कळते ते घरात बाळ येणार असते तेव्हा. इंग्लंडमध्ये प्रत्येक गरोदर स्त्रीला थॅलेसेमियाची तपासणी देऊ केली जाते, शक्यतो दहाव्या आठवड्याच्या आत. ती वाहक निघाली तर बाळाच्या वडिलांनाही बोलावतात. एकच पालक वाहक असेल तर बाळाला थॅलेसेमिया मेजर होत नाही. दोघेही बीटा थॅलेसेमियाचे वाहक असतील तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता त्या गंभीर आजाराची असते, आणि तशा मुलाला नियमित रक्त द्यावे लागते. सिंधी, पंजाबी, कच्छी समाजांत वाहकांचे प्रमाण जास्त आहे, पण मराठी घरात ते नसतेच असे नाही.

इथे वाहक असल्याचे कळले, तर पुण्या-नागपूरच्या सख्ख्या भावंडांनाही सांगावे, कारण तेही वाहक असण्याची शक्यता निम्मी असते. सांगताना शब्द जपून वापरावा. ‘तिला थॅलेसेमिया आहे’ आणि ‘ती थॅलेसेमियाची वाहक आहे’ या वाक्यांत एका तरुण मुलीच्या लग्नाइतके अंतर असते. वाहक असणे हा आजार नव्हे, आणि स्थळ नाकारण्याचे कारणही नव्हे. दोघांनी तपासून घ्यावे, एवढेच ते सांगते. आपण आजी-आजोबांच्या मधुमेहाबद्दल फोनवर मोकळेपणाने बोलतो. तितक्याच मोकळेपणाने या दिवाळीच्या फोनमध्ये हेही विचारावे, ‘तुमच्या अहवालात एमसीव्ही किती आहे गं?’