‘मग ओरडली का नाही?’ वडसा ठाण्यातल्या एका रात्रीनंतर बलात्काराचा कायदा कसा बदलत गेला

रोवणीचे दिवस होते. दुपारी धुऱ्यावर डबे उघडले होते आणि एकाच्या मोबाईलवर बलात्काराची बातमी आली. दूरच्या कुठल्या जिल्ह्यातली. त्यानं ती मोठ्यानं वाचली. वाचून व्हायच्या आतच दुसरा बोलला, “मंग ओरडली कावून नाही?” रोवणीच्या बाया गप्प झाल्या. त्यातली एक म्हातारी तेवढी म्हणाली, “तोंड दाबल्यावर कोण ओरडते बाप्पा?” आणि उठून पाणी प्यायला गेली.

हा प्रश्न विचारणारा माणूस काही वाईट नाही. आपल्याकडे पानठेल्यावर, पारावर, लग्नाच्या मांडवात हाच प्रश्न निघतो. पण एकेकाळी देशाच्या सर्वोच्च न्यायालयानंही तोच विचार केला होता. तोही आपल्याच भागातल्या एका मुलीबद्दल. त्या निकालावरून एवढा गदारोळ झाला की कायदा बदलावा लागला. आज कायदा काय म्हणतो हे समजायचं असेल तर ती गोष्ट आधी समजून घ्यावी लागते.

ब्रह्मपुरीहून वैनगंगा ओलांडली की वडसा लागते, म्हणजे देसाईगंज. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, तो 1982 मध्ये झाला. वडसा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. 26 मार्च 1972 ची रात्र. चौदा ते सोळा वर्षांची एक आदिवासी मुलगी. आईबाप नाहीत, भावाकडे राहणारी, लोकांच्या घरी कामाला जाणारी. जिथं कामाला जायची त्या घरच्या एका पोरावर तिचा जीव होता. भावाला ते पटलं नाही. बहिणीला पळवून नेलं अशी तक्रार त्यानं ठाण्यात दिली. पोलिसांनी सगळ्यांना रात्री ठाण्यावर बोलावलं, बयान घेतलं आणि बाकीच्यांना जायला सांगितलं. मुलीला तेवढं थांबवून घेतलं. दार लागलं, दिवा विझला. बाहेर तिची माणसं हाका मारत उभी होती. बाहेर आल्यावर तिनं सांगितलं की आत एका शिपायानं बलात्कार केला आणि हवालदारानं अंगाशी झोंबाझोंबी केली. गर्दी जमली, लोक चिडले, तेव्हा कुठं तक्रार लिहून घेतली गेली.

तिचं नाव मी लिहीत नाही. कायद्याच्या पुस्तकांत ते सगळीकडे छापलेलं आहे, पण का लिहीत नाही ते शेवटी सांगतो.

1974 मध्ये सत्र न्यायालयानं दोघांनाही सोडलं. मुलगी खोटारडी, तिला शरीरसंबंधाची आधीच सवय होती, असं धरलं. डॉक्टरांनी दोन बोटं घालून तपासलं होतं आणि ‘सवय’ आहे असं त्यावरून ठरलं होतं. 1976 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं हा निकाल उलटवला. शिपायाला पाच वर्षं, हवालदाराला एक वर्ष. नागपूरच्या न्यायाधीशांनी साधी गोष्ट सांगितली होती: भीतीनं गप्प राहणं वेगळं आणि होकार देणं वेगळं. अनोळखी पोलीस, त्यांच्याच ताब्यातली पोर, ती काय करणार?

पण 15 सप्टेंबर 1978 ला सर्वोच्च न्यायालयानं दोघांनाही निर्दोष सोडलं. कारण असं की तिच्या अंगावर जखम नाही, तिनं आरडाओरडा केला नाही, म्हणजे जे झालं ते तिच्या मर्जीनं झालं. हा निकाल आजही ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावानं ओळखला जातो.

वर्षभर कोणाला काही वाटलं नाही. मग 16 सप्टेंबर 1979 ला कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. सुप्रीम कोर्टाला असं जाहीर पत्र लिहायची तेव्हा रीत नव्हती. पत्रातला मुद्दा कुठल्याही शेतकऱ्याला कळेल असा आहे. होकारात माणूस मान तुकवतो हे खरं, पण मान तुकवली म्हणजे होकार दिला असं उलटं होत नाही. सावकारासमोर कागदावर अंगठा उठवणारा माणूस खुशीनं उठवतो का? दुसरा मुद्दा त्याहून टोचणारा होता. बाईला चौकशीसाठी ठाण्यावर बोलवायचंच नाही, तिच्या राहत्या घरी जाऊन विचारायचं, असा कायदा तेव्हाही होता. मग ती मुलगी रात्री ठाण्यात होतीच कशी, याबद्दल निकालात एक शब्द का नाही?

हे पत्र हातोहात फिरलं. मुंबईत 1980 मध्ये बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. 8 मार्च 1980 ला वेगवेगळ्या शहरांत बाया रस्त्यावर उतरल्या. पेपरात ज्यांना स्त्रीवादी म्हणतात त्या याच. आपल्याकडे या शब्दाला लोक नाक मुरडतात, नवऱ्याशी भांडणाऱ्या बाया असा अर्थ काढतात. पण त्या वेळी त्या भांडत होत्या वडशाच्या एका मजूर मुलीसाठी. गावातल्या कोणी तिच्यासाठी एवढं केलं नव्हतं. खटला पुन्हा उघडावा म्हणून अर्ज झाला, तो फेटाळला गेला. तिच्या पदरात काही पडलं नाही.

कायदा बदलला 1983 मध्ये. पोलीस, जेल, सरकारी दवाखाना अशा ठिकाणी, ज्यांच्या ताब्यात बाई आहे त्यांनी अत्याचार केला, संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाई म्हणते माझी मर्जी नव्हती, तर कोर्टानं तिचं म्हणणं धरून चालायचं. मर्जी होती हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर. शिक्षेला किमान मर्यादा आली, साधारण सात वर्षं आणि ताब्यातल्या बाईवर अत्याचार असेल तर दहा. सुनावणी बंद दालनात. पीडितेचं नाव छापायला बंदी.

पण संघटनांची एक मोठी मागणी सरकारनं तेव्हा बाजूला ठेवली. बाईच्या आधीच्या आयुष्याबद्दल कोर्टात प्रश्न नकोत, ही ती मागणी. विधी आयोगानंही तसं सुचवलं होतं. बाई ‘चारित्र्यहीन’ आहे असं दाखवून तिची साक्ष पाडायची सोय पुराव्याच्या कायद्यात लिहूनच ठेवली होती. ती निघायला 2003 साल उजाडलं. दोन बोटांची तपासणी तर त्याच्याही पुढं चालू राहिली. ती अशास्त्रीय आहे हे दाखवून देण्यात विदर्भाचा वाटा आहे. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजातले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी त्यावर अहवाल लिहिला आणि 2010 मध्ये नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली. 31 ऑक्टोबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशी तपासणी करणाऱ्यानं गैरवर्तन केलं असं धरलं जाईल. वडशाच्या मुलीची तपासणी झाली त्याला तेव्हा पन्नास वर्षं होऊन गेली होती.

मधे डिसेंबर 2012 मध्ये दिल्लीतलं बसमधलं प्रकरण झालं. ते सगळ्यांना आठवते. न्यायमूर्ती वर्मा समितीनं महिनाभरात अहवाल दिला. तिच्यासमोर देशभरच्या महिला संघटनांनी म्हणणं मांडलं आणि 2013 चा कायदा आला. त्यात पहिल्यांदाच ‘संमती’ म्हणजे काय ते लिहिलं गेलं. बाईनं शब्दानं, खुणेनं, कसंही, पण स्पष्ट आणि स्वतःच्या खुशीनं दाखवलेला होकार. आणि खाली एक ओळ: केवळ तिनं अंगानं प्रतिकार केला नाही म्हणून तिची संमती होती असं समजायचं नाही. 1978 च्या निकालाला दिलेलं हे उत्तर आहे. 1 जुलै 2024 पासून जुनी दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. ही ओळ आता तिच्या कलम 63 मध्ये आहे. तेव्हा धुऱ्यावरच्या त्या प्रश्नाचं कायद्यातलं उत्तर असं आहे: ओरडली नाही यावरून काहीच ठरत नाही.

आता जिथं सरकार आणि या बाया यांचं पटलं नाही ते सांगतो, कारण आपल्याकडे कोणतीही घटना झाली की ‘फाशी द्या’ हा एकच बॅनर लागतो. बऱ्याच महिला संघटना फाशीच्या विरोधात आहेत. वर्मा समितीनंही बलात्काराला फाशी सुचवली नव्हती. ऐकून मलाही पहिल्यांदा राग आला होता. पण त्यांचं म्हणणं हिशेबाचं आहे. दरवर्षीच्या सरकारी आकडेवारीत दहापैकी नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, मालक. काकाला फाशी होईल म्हटल्यावर घरचे पोरीलाच गप्प बसवतात. शिवाय पुरावा मागे राहू नये म्हणून आरोपी तिला जिवंत सोडणार नाही ही भीती. मुंबईच्या वकील फ्लेविया अॅग्नेस यांनी 1983 च्या कायद्याबद्दलही हेच दाखवलं होतं की शिक्षा कागदावर वाढवली म्हणून आरोपी सुटायचे थांबले नाहीत.

दुसरा वाद वयाचा. संमतीचं वय सोळा ठेवा असं वर्मा समितीचं आणि अनेक संघटनांचं म्हणणं होतं. कायद्यात अठरा झालं. याचा परिणाम आपण तालुक्यात बघतो. सतरा वर्षांची पोरगी आणि एकोणीसचा पोरगा पळून जातात, बाप ठाण्यात जातो, पोरगा पोक्सोखाली आत. जातीचा फरक असला तर जास्तच घाई. वडशातही 1972 मध्ये सुरुवात भावाच्या अशाच तक्रारीपासून झाली होती. मी स्वतः बाप आहे, सोळा म्हटलं की पोटात गोळा येते. तरी कायदा कोणासाठी केला आणि कोण वापरते, हे त्या विचारत होत्या.

तिसरा वाद लग्नाचा. बायको अठरा वर्षांच्या वर असेल तर नवऱ्याची जबरदस्ती बलात्कारात मोजली जात नाही. वर्मा समितीनं ही सूट काढा म्हटलं होतं, सरकारनं काढली नाही, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलेलं आहे. मात्र 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्यात नवऱ्याकडून होणारा लैंगिक छळ येतो. त्यासाठी बाई संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊ शकते.

आता कामाचं. घटना कुठंही झालेली असो, तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते. ‘आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर चालत नाही. बयान महिला अधिकाऱ्यानं लिहून घ्यायचं. पीडितेला चौकशीला ठाण्यावर बोलवायचं नाही, तिच्या घरी किंवा ती सांगेल तिथं जायचं. तक्रार लिहून घेतली नाही तर त्या पोलिसाला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे, कलम 199. उशीर झाला, आठ दिवस गेले, म्हणून तक्रार रद्द होत नाही. दवाखाना सरकारी असो की खासगी, पहिले उपचार फुकट करायचे. नकार दिला तर तोही गुन्हा, कलम 200. तपासणीला तिची परवानगी लागते. शक्य असेल तर तपासणीआधी आंघोळ करू नये आणि ते कपडे न धुता कागदात गुंडाळून ठेवावे. राज्याच्या मनोधैर्य योजनेतून मदत मिळते, त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं लागते. वकीलही तिथं फुकट मिळतो. फोन 112, महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098, कायदेशीर मदतीला 15100.

आणि नावाचं. अशी बातमी लावली की वाचकांचे फोन येतात: गाव कोणतं, कोणाची पोरगी? सांगत नाही म्हटलं की रागावतात. पीडितेचं नाव, किंवा जिच्यावरून ओळख पटेल अशी कोणतीही माहिती छापली तर कलम 72 खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गावाचं नाव, बापाचं नाव, शाळा, घराचा फोटो, सगळं त्यात येते. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणाराही सुटत नाही. मागे एका प्रकरणात आमची बातमी लागायच्या आधी पोरीचा शाळेतला फोटो तीन ग्रुपवर फिरून माझ्याकडे आला होता. पाठवणाऱ्यांत दोघं ओळखीचे होते. दोघांना फोन करून डिलीट करायला लावला. तोवर तो कुठंकुठं गेला होता, कोण सांगणार.