नर्सिंगला गेलेल्या लेकीचा विषय राहिला तर



आपल्या गावांतून आता बऱ्याच मुली नर्सिंगला जातात. कुणी गटातून कर्ज काढून फी भरलेली असते, कुणी शेळी विकून, कुणी कानातलं मोडून. मुलगी होस्टेलला राहायला जाते, पांढरा कोट घातलेला फोटो घरी पाठवते, सगळ्यांना बरं वाटतं. मग पहिल्या वर्षाचा निकाल लागतो आणि एक-दोन विषय राहिलेले असतात. घरात लगेच बोलणं सुरू होतं, "तिला झेपत नाही, उगाच पैसे घालवू नका, एक स्थळ आलंय तेही बघून घ्या." मुलगी रडते, आई गप्प होते. कितीतरी मुलींचं शिक्षण या एका आठवड्यात थांबतं.

म्हणून आज आपण यावरच बोलणार आहोत. नर्सिंगचा अभ्यास जड का जातो, मुलीने तो कसा करावा आणि घराने व गटाने काय करावं, अशा तीन गोष्टी आपण बघू.

आधी परीक्षेचा हिशेब समजून घेऊ

नर्सिंगचे तीन मुख्य अभ्यासक्रम आपल्या ओळखीचे आहेत. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा. उपकेंद्रात येणाऱ्या नर्सबाई बहुतेक एएनएम झालेल्या असतात. आपल्या राज्यात बीएस्सीची परीक्षा नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं. एएनएम आणि जीएनएमसाठी राज्याचं वेगळं मंडळ आहे.

आता मुख्य मुद्दा ऐका. दहावी-बारावीला शंभरात ३५ मिळाले की मुलगी पास होते. नर्सिंगला शंभरात ५० लागतात. म्हणजे ४५ गुण मिळवणारी मुलगी शाळेत आरामात पास झाली असती, इथे ती नापास ठरते. निकाल बघून "एवढी कशी मागे पडली" असं म्हणण्याआधी हा फरक लक्षात घ्यायला हवा. शिवाय लेखी आणि प्रात्यक्षिक या दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. एकातले जास्तीचे गुण दुसऱ्यात धरत नाहीत. वर्गाची हजेरी ८० टक्के लागते आणि वॉर्डातले बुडालेले दिवस प्रमाणपत्र मिळण्याआधी भरून द्यावे लागतात.

दुसरं असं की, एएनएम आणि जीएनएमला कला शाखेच्या मुलीलाही प्रवेश मिळतो. अशा मुलीने बारावीला इतिहास-भूगोल केलेला असतो. जीएनएमच्या पहिल्याच वर्षी तिच्यासमोर शरीररचना, शरीराची कामं, सूक्ष्मजंतू, मानसशास्त्र, समाजशास्त्र, प्रथमोपचार आणि रुग्णसेवेची मूलतत्त्वं असं सगळं एकदम येतं. पुस्तकं इंग्रजीत असतात. सकाळी वॉर्डात ड्यूटी, दुपारी वर्ग, रात्री अभ्यास. कधी रात्रपाळीही असते. यात बुद्धी कमी असण्याचा प्रश्न नाही. ओझं एकाच वेळी चारही बाजूंनी येतं, हा प्रश्न आहे.

इंग्रजीचे लांब शब्द फोडायचे कसे

पहिली भीती इंग्रजीची. पुस्तकातले शब्द बोटभर लांब असतात. पण हे शब्द रेल्वेच्या डब्यांसारखे जोडलेले असतात. डबे ओळखता आले की गाडी ओळखता येते.

'हायपर' म्हणजे जास्त, 'हायपो' म्हणजे कमी. 'टॅकी' म्हणजे जलद, 'ब्रॅडी' म्हणजे मंद. 'कार्डिओ' आलं की हृदय, 'हिपॅटो' आलं की यकृत, 'नेफ्रो' आलं की मूत्रपिंड, 'गॅस्ट्रो' आलं की जठर. शब्दाच्या शेवटी 'आयटिस' असेल तर तिथे दाह आहे. शेवटी 'एक्टॉमी' असेल तर शरीराचा तो भाग शस्त्रक्रियेने काढला आहे. आता 'हिपॅटायटिस' म्हणजे काय, हे आपणही सांगू शकतो. यकृताचा दाह. असे पन्नास तुकडे पाठ झाले की शेकडो शब्दांचा अर्थ लागतो.

यासाठी एक साधी वही करावी. पानावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात त्याचा उच्चार आपल्या लिपीत आणि तिसऱ्यात मराठी अर्थ. रोज दहा शब्द. धडा आधी मराठीत समजून घ्यायचा, मग इंग्रजीत लिहून बघायचा. मराठीत समजून घेण्यात कमीपणा काहीच नाही. न समजलेलं इंग्रजी पाठ केलं, तर परीक्षेत एक ओळ विसरली की पुढचं सगळं अडतं.

आणि हे शब्द फक्त परीक्षेपुरते नाहीत. साखर फार कमी झालेल्या शुद्धीतल्या रुग्णाला लगेच गोड द्यावं लागतं. साखर वाढलेल्याला तेच दिलं तर त्रास वाढतो. 'हायपो' आणि 'हायपर' यांत थोडासाच फरक, पण त्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

वाचलं म्हणजे आलं असं नाही

पुष्कळ मुली धडा चार-पाच वेळा वाचतात, खाली रेघा मारतात आणि आला असं समजतात. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, पण कोरा कागद समोर आला की आठवत नाही. म्हणून वाचून झाल्यावर पुस्तक मिटायचं आणि आठवेल तेवढं बोलायचं किंवा लिहायचं. कुठे अडलं ते बघून तेवढंच परत वाचायचं. असं आठवून बघण्याने धडा जास्त पक्का बसतो.

उजळणीचंही तसंच. एका रात्रीत आठ तास बसण्यापेक्षा आज वाचलेलं उद्या एकदा, चार दिवसांनी एकदा आणि पंधरा दिवसांनी एकदा आठवून बघावं. दर वेळी वीस मिनिटं पुरतात. आपण रोपांना पाणी थोडं थोडं देतो, महिन्याचं पाणी एका दिवशी ओतत नाही.

रात्रपाळी करून आलेल्या मुलीने आधी झोपावं, मग पुस्तक उघडावं. झोपेत मेंदू दिवसभराचं शिकलेलं पक्कं करतो. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून काढली तर आलेलंही विसरायला होतं.

लेखी पेपरात रोगावर प्रश्न आला की उत्तराची चौकट ठरलेली असते. रोग म्हणजे काय, कारणं, लक्षणं, तपासण्या, उपचार आणि शेवटी रुग्णाची काळजी कशी घ्यायची. नर्सच्या पेपरात हा शेवटचा भाग महत्त्वाचा असतो आणि मुली नेमका तोच दोन ओळींत उरकतात. वॉर्डात आज ज्या रुग्णाला पाहिलं, त्याचाच रोग रात्री पुस्तकात वाचावा. पलंगावरचा माणूस डोळ्यासमोर असला की धडा विसरत नाही.

हिशेबाची भीती

औषधाच्या मात्रेचं गणित अनेकींना घाम फोडतं. खरं तर हे आपल्या स्वयंपाकघरातलंच गणित आहे. डॉक्टरांनी २५० मिलिग्रॅम औषध सांगितलं. बाटलीवर लिहिलंय, ५ मिलिलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम. आपल्याला ५०० च्या निम्मं हवंय, तर ५ मिलिलिटरचंही निम्मं घ्यायचं. म्हणजे अडीच मिलिलिटर. सूत्र असं, हवी असलेली मात्रा भागिले बाटलीवरची मात्रा, गुणिले द्रवाचं माप.

सलाइनचंही बघू. ५०० मिलिलिटर सलाइन चार तासांत द्यायची आहे आणि नळीतून एका मिलिलिटरला १५ थेंब पडतात. एकूण थेंब झाले साडेसात हजार. चार तासांची मिनिटं २४०. भागाकार केला की मिनिटाला साधारण ३१ थेंब. रोज अशी दोन गणितं सोडवली तर महिन्याभरात भीती जाते. दशांश चिन्हाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघायचं. अर्ध्याच्या जागी पाच वाचलं तर औषध दहापट होतं.

बाळंतपणाच्या तारखेचा हिशेब तर आपल्यातल्या जाणत्या बायांना सहज समजेल. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. पाळी १ जानेवारीला आली असेल तर अंदाजे तारीख ८ ऑक्टोबर.

प्रात्यक्षिकाला हात थरथरतात तेव्हा

बाहेरचे परीक्षक समोर उभे असले की नेहमी जमणारं कामही चुकतं. यावर उपाय एकच. प्रत्येक कामाचा क्रम तोंडाने बोलत सराव करायचा. हात धुणं, साहित्याचा ट्रे मांडणं, रुग्णाचं नाव विचारून खात्री करणं, काय करणार ते त्याला सांगणं, पडदा ओढणं, मग काम आणि शेवटी नोंद. घाबरल्यावर डोकं चालत नाही, पण क्रम अंगात मुरला असेल तर हात चालतात. मैत्रिणीला रुग्ण करून उशीवर, बाहुलीवर सराव करता येतो.

घराने आणि गटाने काय करायचं

आता आपल्याकडे येऊ. मुलगी सुट्टीला घरी आली की धुणं, भांडी, पाहुणे, शेतातलं काम तिच्या अंगावर पडतं. भाऊ परीक्षेला बसला की घर चिडीचूप असतं. बहिणीलाही तेवढाच हक्क आहे. परीक्षेच्या महिन्यात लग्न, जत्रा, बारसं यांसाठी तिला बोलावू नका. रोज फोन करून घरातली भांडणं सांगू नका. "पास होशील ना?" यापेक्षा "जेवलीस का, झोप झाली का?" हे विचारा.

इंग्रजी येत नसलं तरी आईला अभ्यास घेता येतो. मुलीच्या वहीतला मराठी रकाना आपण वाचायचा आणि तिला इंग्रजी शब्द विचारायचा. वाचताही येत नसेल तर तिला म्हणायचं, "आज काय शिकलीस ते मला माझ्या भाषेत समजावून सांग." जे आईला समजावून सांगता आलं, ते तिला नक्की आलं.

रमाबाई रानडे यांचं उदाहरण आपल्यासमोर आहे. अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या रानड्यांच्या घरी आल्या. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना लिहाय-वाचायला शिकवलं, पण इंग्रजी शिकतात म्हणून घरातल्याच बायकांनी त्यांना फार बोल लावले. त्याच रमाबाईंनी पुढे १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथल्या कितीतरी स्त्रिया, त्यांत विधवाही, परिचारिका होऊन स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. शिकणाऱ्या बाईला घरातल्या बाईचा आधार मिळाला तर तिची निम्मी वाट सोपी होते.

गटाने काय करायचं? परीक्षेच्या फीसाठी अंतर्गत कर्जात जागा ठेवा. मागासवर्गीय मुलींच्या शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरले जातात. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून द्या. गावात नोकरी करणाऱ्या सिस्टर असतील तर त्यांना बैठकीला बोलवा आणि शिकणाऱ्या मुलींशी गाठ घालून द्या. त्यांच्यातल्याही कुणाचा एखादा विषय राहिला असेल. ते त्यांच्या तोंडून ऐकलं की मुलीला धीर येतो.

आणि विषय राहिलाच तर

विषय राहिला म्हणजे शिक्षण संपलं असं नाही. राहिलेल्या विषयाची परीक्षा पुन्हा देता येते. निकाल लागला की पहिल्या आठवड्यात कॉलेजात जाऊन तीन गोष्टी विचारायच्या. पुढची परीक्षा कधी, अर्जाची शेवटची तारीख कोणती आणि तोवर पुढच्या वर्षाच्या वर्गात बसता येईल का. शेवटची तारीख हुकली तर सहा महिने उगाच जातात. मग गुणपत्रिका समोर ठेवून बघायचं, लेखीत राहिली की प्रात्यक्षिकात? किती गुणांनी? पाच गुणांनी राहिलेल्या मुलीला पूर्ण पुस्तक नव्याने नको, दोन-तीन कच्चे धडे पक्के करायला हवेत.

मुलगी जेवत नसेल, झोपत नसेल, बोलायची बंद झाली असेल, "मी कशालाच लायक नाही" म्हणत असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका. तिच्याजवळ बसा. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मदतसेवेचा क्रमांक आहे. फोन मोफत आहे, दिवस-रात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं.

मैत्रिणींनो, रात्री दोन वाजता कुणाच्या घरची बाळंतीण अडते तेव्हा आपण सिस्टरची वाट बघतो. ती सिस्टर कुठल्या तरी गावातली अशीच मुलगी असते. तिच्या घरच्यांनी एका निकालावरून तिला परत आणलं नाही, म्हणून ती आज आपल्या दारात उभी राहते.

गटाच्या बैठकीत बोलण्यासाठी

१. आपल्या गावातल्या किती मुली नर्सिंगला आहेत? कुणाचा विषय राहिला आहे का? तिच्या घरी कोण जाऊन बोलेल?

२. परीक्षेच्या महिन्यात मुलीच्या वाट्याचं घरकाम कोण करेल?

३. पुन्हा परीक्षा देण्याच्या फीसाठी आपला गट किती रक्कम बाजूला ठेवू शकतो?

बैठकीत जे ठरेल ते आम्हाला नक्की कळवा, पुढच्या कार्यक्रमात ते आपण सगळ्यांना ऐकवू.