पाणीपुरवठ्याचा यांत्रिकी अभियंता आणि त्याची परीक्षा

सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्यात अक्कलकोट, मैंदर्गी आणि दुधनी अशा तीन नगरपरिषदा आहेत आणि तिन्ही गावांच्या पिण्याच्या पाण्याला बोरी नदीवरच्या कुरनूर धरणाचा आधार आहे. धरणातले पाणी उपसणे, शुद्ध करणे, उंच टाकीत चढवणे आणि नळाला सोडणे ही साखळी पंप, मोटार आणि व्हॉल्व्ह यांच्या जिवावर चालते. अशी यंत्रे सांभाळणारा अभियंता राज्य सरकार स्पर्धा परीक्षेतून निवडते.

नगरपरिषद प्रशासन संचालनालयाने जुलै २०२३ मध्ये राज्यभरातल्या नगरपरिषदांसाठी १,७८२ पदांची जाहिरात काढली. त्यांतली ६५ पदे पाणीपुरवठा, जलनिःसारण व स्वच्छता अभियांत्रिकी सेवेची होती आणि त्यांसाठी यांत्रिकी किंवा पर्यावरण अभियांत्रिकीची पदवी मागितली होती. परीक्षा २०० गुणांची होती. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी यांचे ६० प्रश्न १२० गुणांना, तर पदाशी संबंधित विषयाचे ४० प्रश्न ८० गुणांना. म्हणजे तांत्रिक विषय पक्का असूनही भाषा आणि सामान्य ज्ञान कच्चे असेल तर उमेदवार मागे पडतो. लोकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या आणि टिपणी लिहिणाऱ्या माणसाकडून एवढी अपेक्षा रास्तच आहे.

यांत्रिकीच्या बहुतेक सरकारी परीक्षांचा तांत्रिक गाभा सारखाच असतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेत तो सर्वांत विस्ताराने मांडलेला दिसतो. तिथे एका बाजूला द्रवयांत्रिकी, उष्मागतिकी, उष्णतेचे संक्रमण, इंजिने, प्रशीतन व वातानुकूलन, टर्बाइन आणि वीजनिर्मिती केंद्रे येतात. दुसऱ्या बाजूला बलशास्त्र, पदार्थ, यंत्ररचना, उत्पादन प्रक्रिया, देखभाल आणि मेकॅट्रॉनिक्स. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग आणि लष्कराची अभियांत्रिकी सेवा यांच्यासाठी कर्मचारी निवड आयोग कनिष्ठ अभियंत्यांची परीक्षा घेतो. तिथला अभ्यासक्रम आटोपशीर असला तरी बॉयलर, कॉम्प्रेसर, प्रशीतन आणि पंप त्यातही आहेतच. सरकारी रुग्णालय किंवा कार्यालयाची इमारत चालती ठेवायची तर हीच यंत्रे हाताशी असतात.

पाणीपुरवठ्याच्या दृष्टीने या सगळ्यात द्रवयांत्रिकीचे वजन सर्वांत जास्त. नेहमीच्या धर्तीचा एक प्रश्न घेऊ. सेकंदाला ३० लिटर पाणी एकूण ४० मीटर उंचीवर चढवायचे आहे आणि पंपाची कार्यक्षमता ७५ टक्के आहे. तर पंपाला किती शक्ती लागेल? पाण्याला द्यायची शक्ती ११.८ किलोवॅट भरते, तिला ०.७५ ने भागले की उत्तर १५.७ किलोवॅट, म्हणजे सुमारे २१ अश्वशक्ती. आता हाच पंप झिजून त्याची कार्यक्षमता ६० टक्क्यांवर आली, तर तेवढ्याच पाण्याला १९.६ किलोवॅट लागतात. दिवसाला आठ तास पंप चालला तर रोज ३१ युनिट वीज नुसती वाया जाते. मोटारीतली तूट यात धरलेलीच नाही. छोट्या नगरपरिषदेच्या वीजबिलाचा विचार करणाऱ्याला हे गणित तोंडपाठ असायला हवे.

या ४० मीटरमध्ये फक्त चढ नसतो. पाइपातल्या घर्षणाचाही वाटा असतो. तेवढेच पाणी अरुंद पाइपातून न्यायचे तर घर्षणाची तूट व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढते. आत क्षार साचून व्यास दहा टक्क्यांनी घटला, तरी तूट जवळपास ७० टक्क्यांनी चढते. पंप नवा बसवूनही टाकीला पाणी कमी का येते, याचे उत्तर अनेकदा पाइपात सापडते.

परीक्षकांचा आणखी एक आवडता विषय म्हणजे कॅव्हिटेशन. वातावरणाचा दाब समुद्रसपाटीला पाण्याचा जास्तीत जास्त १०.३ मीटरचा स्तंभ पेलतो, आणि पंपाची प्रत्यक्ष ओढ त्याहून बरीच कमी ठेवावी लागते. उन्हाळ्यात जलाशयाची पातळी खाली गेली की पंपाला पाणी जास्त खोलवरून ओढावे लागते. मग इंपेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाच्या, तोंडाशी दाब इतका उतरतो की थंड पाण्याचीही वाफ होऊन बुडबुडे उठतात. पुढे दाब वाढताच ते फुटतात आणि धातूचे कण उडवतात. पंपातून खडे फिरल्यासारखा आवाज येतो, इंपेलरला बारीक खड्डे पडतात. पुस्तकातली ही अर्ध्या पानाची व्याख्या सोलापूरसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यात पंपघरात ऐकू येते. त्यावर उपाय म्हणजे पंप खाली घेणे, तराफ्यावर बसवणे किंवा पाणबुडी पंप वापरणे.

पंपाचा वेग आणि वीज यांचा संबंधही हमखास विचारतात. वेग दहा टक्के कमी केला तर प्रवाह दहा टक्के घटतो, पण शक्ती सुमारे २७ टक्के कमी लागते.

या मानाने देखभालीचा भाग अभ्यासक्रमांत तोकडाच राहतो. बेअरिंगला वंगण कधी द्यावे, पंप आणि मोटार एका रेषेत आहेत का, कंपने कशी मोजावीत, सुटे भाग किती ठेवावेत, यावर फार तर दोन-चार प्रश्न येतात. नोकरीतला बराचसा वेळ मात्र याच कामात जातो. पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत ही समज तपासणे अवघड आहे हे खरे. तरीही असे प्रश्न वाढायला हवेत.

तयारी करणाऱ्यांनी जाहिरात नीट वाचावी. २०२३ च्या यादीत ‘यांत्रिकी’ नावाची वेगळी सेवा नव्हती. यांत्रिकीच्या पदवीधरांसाठीची ६५ पदे पाणीपुरवठ्याच्या शीर्षकाखाली होती.