बक्षिसी आणि वेतन : अमेरिकन उपाहारगृहांतील वाढप्यांच्या मोबदल्याचा प्रश्न

उपाहारगृहात भोजन आटोपल्यावर वाढप्याच्या हाती जी रक्कम ठेवली जाते ती देणगी समजावयाची की वेतन, हा प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटतो. शिष्टाचाराचा विषय म्हणून तो सोडून देण्याकडेच सर्वसाधारण कल असतो. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नाने कायद्याचे रूप घेतले असून लक्षावधी श्रमिकांचे उत्पन्न त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. बक्षिसी द्यावी की देऊ नये, याचा विचार येथे करावयाचा नाही. ग्राहकाने दिलेली बक्षिसी वस्तुतः कोणाच्या पदरात पडते, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

या चालीस अमेरिकेत एके काळी कडवा विरोध झाला होता. १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने बक्षिसीस बंदी करणारा कायदा केला आणि पुढे मिसिसिपी, आर्कान्सा, आयोवा, टेनेसी, जॉर्जिया इत्यादी राज्यांनी त्याचे अनुकरण केले. विल्यम स्कॉट यांनी १९१६ मध्ये ‘द इचिंग पाम’ हा ग्रंथ लिहून बक्षिसी ही लोकशाहीच्या समतेस बाधक असल्याचे प्रतिपादन केले. तथापि १९२६ पर्यंत हे सर्व कायदे रद्द झाले.

चालीचे आर्थिक मर्म मात्र रेल्वेच्या शयनयानांत अधिक स्पष्ट झाले. पुलमन कंपनीने आपल्या डब्यांतील प्रवाशांच्या सेवेसाठी कृष्णवर्णीय पुरुषांची नेमणूक केली. प्रारंभी त्यांत नुकत्याच गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांचा भरणा होता. वेतन तुटपुंजे ठेवावयाचे आणि उरलेली तूट प्रवाशांच्या औदार्याने भरून निघेल असे गृहीत धरावयाचे, ही कंपनीची रीत होती. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या सेवकांची संघटना उभी राहिली. बक्षिसीवर विसंबावे लागणार नाही असे वेतन मिळावे, असा तिचा आग्रह होता. बारा वर्षांच्या झगड्यानंतर, १९३७ मध्ये, कंपनीस तिच्याशी करार करणे भाग पडले.

पुढल्याच वर्षी, १९३८ मध्ये, संघराज्याने किमान वेतनाचा कायदा केला. परंतु उपाहारगृहांतील श्रमिक बहुतांशी त्याच्या कक्षेबाहेर राहिले. १९६६ च्या दुरुस्तीने त्यांचा समावेश झाला खरा, पण त्याबरोबरच मालकास एक सवलत मिळाली. श्रमिकास मिळणारी बक्षिसी, किमान वेतनाच्या निम्म्या मर्यादेपर्यंत, मालकाने वेतनापोटी वळती करून घ्यावी, असे ठरले. हीच ‘टिप क्रेडिट’ या नावाने ओळखली जाणारी वजावट होय. १९९१ मध्ये किमान वेतन ताशी ४.२५ डॉलर झाले, तेव्हा मालकाने स्वतः द्यावयाचा अर्धा भाग २.१३ डॉलर ठरला. १९९६ मध्ये किमान वेतन वाढविताना हा भाग मात्र आहे तेथेच गोठविण्यात आला. २००९ पासून किमान वेतन ७.२५ डॉलर आहे. मालकाचा भाग अद्याप २.१३ डॉलरच आहे. म्हणजे निम्म्यावर आरंभलेली वजावट आता सत्तर टक्क्यांहून अधिक झाली आहे.

या वजावटीचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एक वाढपी आठवड्यात ४० तास काम करतो. कायद्याप्रमाणे त्यास किमान २९० डॉलर मिळाले पाहिजेत. त्यांपैकी मालक ८५.२० डॉलर देतो. समजा, त्या आठवड्यात बक्षिसी १०० डॉलर जमली. मग उरलेली १०४.८० डॉलरची तूट मालकाने भरून द्यावयाची. आता समजा, बक्षिसी १०० ऐवजी २०० डॉलर जमली. तूट केवळ ४.८० डॉलर उरते. दोन्ही प्रसंगी वाढप्याच्या हाती २९० डॉलरच पडतात. ग्राहकांचे औदार्य दुप्पट झाले, पण वाढप्याचे उत्पन्न एका सेंटानेही वाढले नाही. शंभर डॉलर वाचले ते मालकाचे. बक्षिसी २०४.८० डॉलरच्या पुढे गेल्यानंतरच तिचा लाभ वाढप्यास मिळू लागतो. शिवाय हा हिशेब संपूर्ण आठवड्याचा असल्यामुळे शनिवारच्या गर्दीतील प्राप्ती सोमवारच्या रिकाम्या दुपारीची भरपाई म्हणून खर्ची पडते. तुटीची रक्कम मागण्याचा भारही व्यवहारात बहुधा श्रमिकावरच येतो. आणि ज्याच्याकडे मागावयाचे, त्याच्याच हाती कामाच्या पाळ्या असतात.

यावरून वजावट रद्द करावी, हा निष्कर्ष सरळ वाटतो. पण प्रतिपक्षाचे म्हणणेही दुर्लक्षिण्याजोगे नाही. महागड्या उपाहारगृहांतील वाढप्यांस किमान वेतनाच्या कितीतरी पट प्राप्ती होते. दर वाढून बक्षिसी घटेल, अशी भीती त्यांच्यापैकी अनेकांस वाटते. न्यूयॉर्क येथील उपाहारगृह-व्यावसायिक डॅनी मेयर यांनी २०१५ मध्ये बक्षिसी बंद करून सेवेचे मूल्य पदार्थांच्या दरातच समाविष्ट करण्याचा उपक्रम जाहीर केला. वाढपी व स्वयंपाकघरातील श्रमिक यांच्या प्राप्तीतील अंतर कमी करणे हा त्यामागील एक हेतू होता. २०२० मध्ये त्यांनी तो मागे घेतला. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०२४ मध्ये वजावट रद्द करण्याचा प्रस्ताव फेटाळला. उलटपक्षी कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन, मिनेसोटा आदी सात राज्यांत अशी वजावट नाही. तेथे मालकास पूर्ण किमान वेतन द्यावे लागते आणि बक्षिसीची चालही टिकून आहे. तेव्हा बक्षिसी व पूर्ण वेतन या परस्परविरोधी गोष्टी होत, असे मानण्याचे कारण नाही.

बक्षिसी उत्तम सेवेचे पारितोषिक असते, हा युक्तिवादही तपासून घेतला पाहिजे. कॉर्नेल विद्यापीठातील मायकेल लिन यांच्या संशोधनात सेवेचा दर्जा व बक्षिसीचे प्रमाण यांचा संबंध अगदी क्षीण आढळला आहे.

आपल्या देशात हा भेद वेगळ्या वाटेने न्यायालयापुढे आला. ग्राहकाने कार्डाद्वारे दिलेली आणि हॉटेलने कर्मचाऱ्यांत वाटलेली बक्षिसी ‘पगार’ समजून तीतून आयकर कापावा काय, असा प्रश्न आय.टी.सी. कंपनीच्या प्रकरणात उपस्थित झाला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ही रक्कम नोकरीच्या करारातून उद्भवत नाही, ती ग्राहकाकडून स्वेच्छेने येते; सबब ती पगार नव्हे. निर्णय करविषयक आहे, आणि किमान वेतनाचा प्रश्न त्यात नव्हता. तथापि त्यातील तर्क प्रस्तुत विवादास लागू करून पाहण्यासारखा आहे. जी रक्कम मालकाने दिलेली नाही, तिने मालकाचे देणे फिटले असे कसे म्हणावयाचे?

सारांश, बक्षिसीच्या कोणत्याही व्यवस्थेची परीक्षा एका प्रश्नाने होऊ शकते : ग्राहकाने एक डॉलर अधिक दिला असता वाढप्याच्या उत्पन्नात किती भर पडते? जेथे उत्तर शून्य येते, तेथे ग्राहक देणगी वाढप्यास देत आहे असे समजत असतो, आणि प्रत्यक्षात मालकाच्या वेतनखर्चाचा भार उचलत असतो. वाढप्यांपैकी ज्यांची प्राप्ती सर्वांत कमी, त्यांच्याच बाबतीत हे उत्तर शून्य येते, हे विसरता कामा नये.